लहान मुलांना ग्रंथ वाचून दाखविण्याविषयी

बँकेच्या काऊंटरवर बसणाऱ्या माणसाला रोज एक काम करावे लागते, ते म्हणजे दुसऱ्याला वाचून दाखविणे. आमची बहुतेक नोकरी रायगडच्या किनाऱ्यावरील शाखांतून झाली. अंगठा उठविणारे खातेदार पूर्वीइतके आता राहिले नाहीत, पण अजून येतात. पासबुकात किती शिल्लक आहे, अर्जावर कशाखाली अंगठा घ्यावयाचा आहे, हे त्यांना मोठ्याने वाचून सांगावे लागते.

असेच एकदा एक आजी नातवाला घेऊन आल्या. नातू तिसरीत. आम्ही म्हटले, "आजी, आता नातूच वाचील की!" मुलाने अर्जावरील दोन ओळी घडाघडा वाचल्या. एक जोडाक्षर चुकले नाही. आजींनी कौतुकाने विचारले, "म्हंजे काय रे?" मुलगा गप्प! अर्जाची भाषा आम्हालाही पुष्कळदा कळत नाही, म्हणून त्यात त्याचा दोष नव्हता. पण दप्तर त्याच्या पाठीवरच होते. त्यातील वाचनपाठ त्याला वाचावयास दिला, तरी तेच. उच्चार स्वच्छ, अर्थ मात्र शून्य. स्मरणिकेसाठी काही लिहावे असा आग्रह झाला तेव्हा तो मुलगा आमच्या डोळ्यांसमोर आला.

हे असे का होते? आमच्या मते त्याचे कारण शाळेपूर्वीच्या तीन-चार वर्षांत आहे. आपल्या किनाऱ्यावर घरोघरची बोली निराळी. पुष्कळ घरांतून 'पाणी' हे 'पानी' असते आणि 'शाळा' ही 'शाला' असते. त्यात कमीपणा काहीच नाही, ती आपल्या आईची भाषा आहे. परंतु पुस्तकातील माणसे निराळेच बोलतात. तेथे 'परंतु' असते, 'तथापि' असते, 'एका नगरीत' असते. ज्या घरात पिढ्यान् पिढ्या पोथी-पुस्तक आहे, तेथील मुलाच्या कानावर हे शब्द पाळण्यापासून पडतात. आपल्या मुलाला ते पहिल्यांदा भेटतात ते वर्गात, तेही अक्षरांच्या वेशात. एकाच वेळी अक्षर नवे आणि शब्दही नवा! मग मूल अक्षराला धरून बसते आणि शब्द सोडून देते.

यावर उपाय सोपा आणि जवळजवळ फुकटचा आहे. मुलाला अक्षर येण्याच्या आधी, म्हणजे तीन-चार वर्षांचे असल्यापासून, चांगली पुस्तके रोज मोठ्याने वाचून दाखवावीत. अमेरिकेतील एका तज्ज्ञ समितीने १९८५ साली आपला अहवाल दिला. मुलाला पुढे वाचनात यश मिळावे यासाठी जे ज्ञान लागते, ते देणारी सर्वांत महत्त्वाची एकच गोष्ट म्हणून तिने मोठ्याने वाचून दाखविण्याचेच नाव घेतले आहे. आपल्याला यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याची गरज नाही म्हणा. विद्वान माणसाला आपण 'बहुश्रुत' म्हणतो, म्हणजे ज्याने पुष्कळ ऐकले आहे असा. भगवान बुद्धांच्या शिष्यांत भिक्खू आनंद यांची ख्याती याच गुणासाठी होती. तथागतांचा उपदेश कित्येक शतके कानांनी ऐकून मुखानेच जपला गेला. तो पाठ म्हणणाऱ्या भिक्खूंना भाणक म्हणत, आणि त्यांत केवळ जातककथा सांभाळणारेही भाणक होते. सिंहली परंपरेप्रमाणे त्रिपिटक ग्रंथरूपाने लिहिले गेले ते इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात.

आता कोणी म्हणेल, आमच्या घरी वाचणारे कोण आहे? आईबाप दिवसभर कामावर, आजी निरक्षर. त्यांच्यासाठी एक घर आम्हाला माहीत आहे. त्या घराचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे, म्हणजे आपल्या बाणकोट खाडीच्या पलीकडचे. सुभेदार रामजी सकपाळ यांच्या घरी धाकटा भीमराव आणि त्याचा थोरला भाऊ यांना रोज महाभारत आणि रामायण यांतील काही भाग मोठ्याने वाचावा लागे. ऐकावयास बहिणी असत आणि कथेसाठी जमलेली इतर मंडळीही असत. हा क्रम पुष्कळ वर्षे चालला. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी स्वतःच हे सांगितले आहे. म्हणजे घरातील मोठ्या मुलाने वाचावे आणि बाकीच्यांनी ऐकावे! पाचवी-सहावीतील ताई धाकट्यांना वाचून दाखवू लागली तर आजीही भाजी निवडता निवडता ऐकते आणि ताईचेही वाचन सुधारते.

याच ठिकाणी एक प्रश्न आपल्या मंडळींकडून हमखास येतो. आपल्या मुलांना रामायण-महाभारत वाचून दाखवावे काय? प्रश्न रास्त आहे, तो हसून सोडून देण्यासारखा नाही. त्याचे उत्तरही त्याच प्रस्तावनेत सापडते असे आम्हास वाटते. त्या मुलाने ते ग्रंथ मुकाट्याने स्वीकारले नाहीत. हे वाचण्याचा आग्रह कशासाठी, असे त्याने वडिलांना विचारले. त्यातील थोर म्हणविलेली पात्रे आपल्याला आवडत नाहीत, असे तोंडावर सांगितले. वडिलांनी पहिल्यांदा दटावले, पण मुलगा गप्प बसला नाही, आणि शेवटी वडीलच निरुत्तर झाले. त्याआधी शाळकरी वयातच कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हाती दिले होते. आपण रिकाम्या मनाने बुद्धाकडे गेलो नाही, तुलना करण्यासाठी आपल्यापाशी आधीची तयारी होती, असे बाबासाहेब म्हणतात. ही तयारी वाचलेल्या ग्रंथांनी झाली तशी विचारू दिलेल्या प्रश्नांनीही झाली. तेव्हा वाचणाऱ्याने प्रश्नाला भिऊ नये, एवढी अट पाळली तर कोणताही मोठा ग्रंथ मुलापुढे ठेवण्यास हरकत नाही असे आमचे मत आहे. ज्यांना ते पटणार नाही त्यांनी जातकांपासून आरंभ करावा. पाली संग्रहात ती ५४७ आहेत. पुरून उरतील.

त्यांतील दद्दभ जातक आमच्या विशेष आवडीचे. ताडाच्या रोपाखाली एक ससा पडला आहे. ही पृथ्वी फुटली तर आपले काय होईल, अशी काळजी तो करीत असतो. तेवढ्यात वरच्या बेलाचे पिकलेले फळ ताडाच्या पानावर धप्पकन पडते. पृथ्वी फुटली! ससा पळत सुटतो. त्याला पाहून दुसरे ससे, मग हरणे, डुकरे, वाघ, हत्ती, सगळे रान धावू लागते. शेवटी सिंह आडवा येतो आणि विचारतो, पृथ्वी फुटताना पाहिली कोणी? प्रत्येक प्राणी दुसऱ्याचे नाव सांगतो. शेवटी तो ससा पुढे येतो. सिंह त्याला पाठीवर घेऊन त्या जागी जातो, आणि तेथे असते एक बेलफळ.

आपल्या मुलांना ही कथा समजावून द्यावी लागत नाही. रात्री वाडीत झावळीवर नारळ आदळला की काय आवाज होतो, हे ती जाणतात. वाचताना 'पाहिली कोणी?' येथे थोडे थांबावे. दुसऱ्या रात्री मुले तो प्रश्न स्वतःच ओरडतात. तिसऱ्या रात्री प्राण्यांचा क्रम आपण चुकलो तर आपल्याला दुरुस्त करतात.

एक चूक मात्र आम्ही स्वतः केली आहे, ती सांगितली पाहिजे. आमच्या थोरल्या मुलाला वाचून दाखविताना प्रत्येक गोष्ट संपली की आम्ही विचारीत असू, "काय तात्पर्य?" दिवसभर हिशेब तपासणाऱ्याची सवय, दुसरे काय! काही दिवसांनी पुस्तक उघडले की त्याला झोप येऊ लागली. पुष्कळ उशिरा आमच्या ध्यानात आले की ती झोप नव्हती. धाकट्या मुलीच्या वेळी तात्पर्य विचारणे सोडले. तिने एकच गोष्ट महिनाभर रोज मागितली, आम्ही रोज वाचली. कंटाळा आम्हाला आला, तिला नाही. लहान मुलाला तेच ते पुन्हा हवे असते, कारण दर वेळी त्याला आधी निसटलेला एखादा शब्द सापडतो.

बाकी नियम फारसे नाहीत. पंधरा मिनिटे पुरेत, पण ती रोजची असावीत. टी.व्ही. आणि मोबाईल तेवढा वेळ बंद. पुस्तक मुलाला दिसेल असे धरून ओळीखाली बोट फिरवावे. अवघड शब्द गाळू नये आणि बोलीत बदलूही नये. तो आहे तसा वाचावा, आणि मुलाने विचारले तरच घरच्या भाषेत सांगावा. पुस्तकांची अडचण तर नाहीच. पालगडच्या साने गुरुजींनी 'श्यामची आई' रात्रीरात्रींत विभागून ठेवली आहे ती जणू याचसाठी, एका वेळी एक रात्र. ती मात्र मूल सहा-सात वर्षांचे झाल्यावर घ्यावी. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते, त्याचे जुने अंकही चालतात.

आपल्याकडे वर्षावासात, आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, विहारात बाबासाहेबांच्या या ग्रंथाचे वाचन होते. मूळ इंग्रजी ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला, मराठी अनुवाद १९७० साली. मोठी माणसे श्रद्धेने बसतात, आणि लहान मुले आयांच्या मांडीवर झोपतात. त्यांना दोष कसा द्यावा? वाचणारा पुष्कळदा परिपत्रक वाचावे तसा वाचतो, आणि त्यात आम्हीही आलो. म्हणून गेल्या वर्षावासात आमच्या विहारात मुख्य वाचनापूर्वी अर्धा तास मुलांसाठी ठेवून पाहिला. वाचावयास सातवीतील दोन मुली. पहिल्या दिवशी चार मुले होती. भात लावणीच्या दिवसांत आया थकलेल्या, त्यामुळे संख्या वाढेल असे वाटले नव्हते. भाद्रपदात घोंगडी कमी पडू लागली. एका संध्याकाळी पाऊस फार, वीज गेलेली, म्हणून वाचणाऱ्या मुलीने मेणबत्तीच्या उजेडात एक पान गाळून पुढचे घेतले. अंगणवाडीत जाणारी एक चिमुरडी उठून उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, सिंव्ह अजून यायचाय."