विश्लेषण : नाडीच्या ठोक्यांवर लुकलुकणारी ‘पल्स रूम’ काय आहे?
प्रेक्षकाने हात लावल्याशिवाय पूर्ण होत नाही, अशीही कलाकृती असते. मेक्सिकोत जन्मलेले कलावंत राफाएल लोझानो-हेमर यांची ‘पल्स रूम’ (२००६) त्यापैकीच एक.

ती चालते कशी?
दालनाच्या छताला शंभर वा त्याहून अधिक पिवळ्या प्रकाशाचे बल्ब टांगलेले असतात. एका बाजूच्या दोन मुठी धरल्या, की सेन्सर नाडी टिपतो आणि जवळचा बल्ब त्याच ठोक्यांवर लुकलुकू लागतो. मुठी सोडताच सारे दिवे क्षणभर विझतात. मग प्रत्येकाचे ठोके एकेक बल्ब पुढे सरकतात.

कल्पना कुठून आली?
‘मकारियो’ या १९६० च्या मेक्सिकन चित्रपटातून. त्यातील एका दृश्यात प्रत्येक आयुष्य म्हणजे एक जळती मेणबत्ती असते.

मग यात कला कोणती?
बल्ब मोजकेच असल्याने नवा माणूस आला, की रांगेतले सर्वात जुने ठोके पुसले जातात. आपलेही ठोके कधीतरी त्या टोकाला पोहोचणार, हे मूठ सोडतानाच कळते. बल्ब मात्र लुकलुकतच राहतो, दुसऱ्या कुणाच्या तरी नाडीवर.