एल्फिन्स्टन : वकील आणि ग्रंथकार

यवतमाळ जिल्ह्यांतील घाटंजी या गांवाकडे मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यासक सहसा वळत नाहीं. परंतु तेथून जवळच्या पांढरकवड्याच्या मुलुखांत १७ एप्रिल १८१८ रोजीं कर्नल ॲडॅम्सनें दुसऱ्या बाजीरावाच्या सैन्याला गांठून त्याची दाणादाण केली. नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांना मिळण्याची पेशव्याची आशा तेथें मावळली. या पळापळीचा आरंभ पुण्याच्या संगमावर, इंग्रज रेसिडेंटाच्या बंगल्यापाशीं झाला होता. तो रेसिडेंट म्हणजे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन.

१७७९ सालीं जन्मलेला हा स्कॉच तरुण सोळाव्या वर्षीं कंपनीच्या चाकरींत कलकत्त्यास आला. १८०४ पासून चार वर्षें त्यानें नागपूर दरबारीं काढलीं. १८०८ सालीं त्याला काबूलच्या वकिलातीवर धाडण्यांत आलें. पेशावर येथें शाह शुजाशीं बोलणें होऊन १८०९ सालीं तह झाला. पण त्याच वर्षीं शहाचें तख्त गेलें आणि तहाचा कागद व्यर्थ ठरला. एल्फिन्स्टनला पेशावरापुढें जातां आलें नाहीं. काबूल त्यानें डोळ्यांनीं पाहिलें नाहीं. तरीही वकिलातींतील मंडळींनीं विषय वांटून घेतले, प्रवासी व व्यापारी यांच्याकडून माहिती मिळविली आणि ती एकमेकींशीं ताडून पाहिली. त्यांतून १८१५ सालीं काबूलच्या राज्याचें वर्णन करणारा ग्रंथ निघाला. अफगाण जमातींविषयीं तो पुढें दीर्घकाळ प्रमाण मानला गेला.

पुण्यासही तोच प्रकार घडला. जून १८१७ मध्यें त्यानें बाजीरावाच्या गळीं एक अपमानास्पद तह उतरविला. पांच महिन्यांतच, ५ नोव्हेंबर रोजीं, खडकीची लढाई जुंपली. संगमावरील बंगला जळाला आणि त्याबरोबर एल्फिन्स्टनचा ग्रंथसंग्रहही भस्म झाला. पेशवाईचा पाडाव झाल्यावर १८१९ सालीं त्यानें जिंकलेल्या मुलुखाचा अहवाल लिहिला. त्यांत पाटील, कुळकर्णी, पंचायत यांचें सविस्तर वर्णन असून रुळलेली पद्धत एकाएकीं मोडूं नये असा सल्ला आहे. ही दृष्टि जेत्याची आहे, हें वाचतांना विसरून चालत नाहीं. आणि तरीही मराठी गांवगाडा जाणूं पाहणाऱ्याला हा अहवाल टाळतां येत नाहीं.

१८२७ सालीं मुंबईची गव्हर्नरी सोडून तो स्वदेशीं परतला. गव्हर्नर जनरलचें पद त्यानें नाकारलें व लेखणी हातीं धरली. १८४१ सालीं प्रसिद्ध झालेला त्याचा हिंदुस्थानचा इतिहास पानिपताच्या सुमारास थांबतो. इंग्रजी सत्तेच्या उदयाची हकीकत मात्र त्याच्या हातून पुरी झाली नाहीं. १८५९ सालीं तो वारला, आणि तें अपुरें लिखाण १८८७ सालीं छापलें गेलें. त्यानें केलेले दोन्ही तह वर्षभरही टिकले नाहींत. त्याच्या ग्रंथांची पानें मात्र, त्यानें ज्यांचें राज्य बुडविलें त्यांच्याच वंशजांना आजही उलटावीं लागतात.