गाडी निघाली, पाटी राहिली

दसरा झाला की जामखेड तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांवर ट्रक आणि ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. मुकादमाची उचल उन्हाळ्यातच घेतलेली असते आणि ती लग्नात नाहीतर दवाखान्यात संपलेलीही असते. मग भांडी, पिठाचे गाठोडे, गोधड्या, शेळी आणि पोरेबाळे असा सगळा संसार गाडीत चढतो. सांगली, कोल्हापूर, कर्नाटक, जिकडे कारखाना तिकडे. परत यायचे ते पट्टा पडल्यावर, एप्रिल-मे महिन्यात. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि एप्रिलमध्ये संपते. म्हणजे अर्ध्याहून जास्त वर्ष ही मुले वर्गात नसतातच. नाव मात्र पटावर असते!

जामखेड म्हटले की आपल्या वाचकांना आधी खर्डा आठवते. २८ एप्रिल २०१४ रोजी आपल्या समाजातल्या, शाळेत शिकणाऱ्या मुलाचा तिथे जीव घेतला गेला. साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. ती जखम अजून ओली आहे. आज मात्र आम्ही लिहीत आहोत ते याच तालुक्यातल्या अशा मुलांविषयी, ज्यांची कधी बातमी होत नाही.

गेल्या हंगामाच्या तोंडावर आम्ही दोघे-तिघे कार्यकर्ते तालुक्यातल्या एका बौद्ध वस्तीत गेलो होतो. एका घरापुढे गोधड्या बांधून ठेवलेल्या होत्या. तिसरीतली पोर धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी होती. आम्ही तिच्या आईला म्हटले, "ताई, पोरीला ठेवा की आजीपाशी. वर्ष बुडेल तिचे."

ती माउली म्हणाली, "ठेवली असती हो भाऊ. पण ह्या बारक्याला कोपीवर कोण बघंल? आम्ही पहाटं तीनला फडात. आन् म्हातारीला स्वतःची भाकर थापायची व्हत नाही, ती पोरीला काय करून घालंल?"

आम्ही गप्प झालो. शिक्षणाचे महत्त्व सांगायला गेलो होतो, पण ते त्या बाईला आमच्याइतकेच कळत होते. तिच्या घरात बाबासाहेबांचा फोटो होता आणि फोटोखाली पोरीचे दप्तर टांगलेले होते. तिने विचारले ते दोनच प्रश्न. तिथे बारक्याला कोण बघणार? इथे भाकरी कोण देणार? परतताना एस. टी.त बसून आम्ही मनाशी हिशेब मांडला की, सरकारने इतक्या वर्षांत प्राथमिक शिक्षणासाठी एवढ्या योजना आणल्या, त्यांतल्या कोणत्या योजनेने या दोन प्रश्नांना उत्तर दिले?

पट आणि हजेरी यांतला फरक आपल्याला बाबासाहेबांनी फार आधी दाखवून दिला आहे. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन करण्याच्या आठच दिवस आधी, १२ मार्च १९२७ रोजी, ते मुंबईच्या विधिमंडळात शिक्षणावरील खर्चाविषयी बोलत होते. शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी फक्त अठरा चौथीपर्यंत पोचतात आणि उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षर होतात, हे त्यांनी सरकारच्या तोंडावर मांडले. मूल शाळेत आले यावर ते समाधानी नव्हते. आलेले मूल कायमचे साक्षर होऊनच बाहेर पडले पाहिजे, ही त्यांची कसोटी होती. आम्ही कारकुनी पेशातले आहोत. नुसत्या जमेच्या रकान्यावरून ताळेबंद मांडणाऱ्याला आमच्या धंद्यात कोणी उभे करत नाही. शिक्षण खात्यात मात्र वर्षानुवर्षे तसेच चालत आले.

आमच्या पिढीला अनौपचारिक शिक्षणाची केंद्रे आठवत असतील. केंद्र सरकारने १९७९-८० च्या सुमारास हा कार्यक्रम हाती घेतला आणि १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर तो वाढवला. दिवसा गुरे राखणाऱ्या, मोलमजुरी करणाऱ्या नऊ ते चौदा वयाच्या मुलांना संध्याकाळी दोन तास शिकवायचे. शिकवणारा गावातलाच, मानधन तुटपुंजे. डॉ. चित्रा नाईक यांनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत असे वर्ग मनापासून चालवून दाखवले. बाकी अनेक ठिकाणी केंद्र कागदावर आणि कंदील शिक्षकाच्या घरी, असा प्रकार झाला. तरीही एक गोष्ट त्यांत खरी होती. शाळा मुलाच्या वेळेला वाकली होती. पण संध्याकाळी मूल गावात असेल तर ना! जे मूल दोनशे मैलांवर आहे त्याला गावातल्या केंद्राचा काय उपयोग?

खडू-फळा मोहीम १९८७ ची. शाळेला दोन खोल्या आणि दोन शिक्षक मिळावेत हा तिचा हेतू, आणि तो चांगलाच होता. १९९५ साली पोषण आहार आला. पहिली काही वर्षे ८० टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळे. फडावर गेलेल्या मुलाची हजेरी कुठून भरणार? पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशाने शिजवलेले अन्न शाळेतच मिळू लागले. त्याने गरिबाच्या पोराला मोठा आधार झाला, हे मान्य केलेच पाहिजे. पण तो दुपारचा घास. रात्रीच्या भाकरीचा प्रश्न आजीपुढे तसाच राहिला.

२००० नंतर वस्तीशाळा निघाल्या. एक किलोमीटरच्या आत शाळा नसेल तिथे शिकलेल्या स्थानिक तरुणाला अल्प मानधनावर नेमून झाडाखाली, समाजमंदिरात वर्ग भरू लागले. आपल्या समाजातल्या कितीतरी तरुणांनी त्यांत उमेदीची वर्षे घातली. त्यांना नियमित शिक्षक व्हायला २०१४ साल उजाडले. याच सुमारास काही कारखान्यांच्या तळावर साखरशाळा सुरू झाल्या. कोपीपासून चार पावलांवर शाळा असल्यामुळे पोरगी भावाला मांडीवर घेऊन का होईना, पण वर्गात बसू शके. पहिल्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ गेली ती हीच योजना. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. मग या मुलांना तळाजवळच्या नियमित शाळेतच दाखल करायचे असे ठरले आणि बहुतेक साखरशाळा बंद पडल्या. कायद्याने पाहिले तर हे बरोबरच आहे. आपल्या मुलांना वेगळी, दुय्यम शाळा का? पण नियमित शाळा तळापासून दोन-तीन किलोमीटर दूर, मध्ये उसाने भरलेल्या ट्रॉल्यांचा रस्ता, आणि कर्नाटकात गेले तर फळ्यावर कन्नड. अशा शाळेत आठ वर्षांची पोर बारक्याला घेऊन जाईल, असे ज्यांना वाटले त्यांनी एकदा तळावर मुक्काम करावा.

उरते ती हंगामी वसतिगृहाची योजना, आणि आमच्या मते सध्या सर्वांत कामाची तीच आहे. आईबाप ऊसतोडीला गेले तरी मूल गावात राहते, आपल्याच शाळेत जाते, आणि त्याच्या जेवणाची सोय शाळा व्यवस्थापन समितीमार्फत होते. भाकरीचा प्रश्न इथे सुटतो. मोठ्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहे २०२१ मध्ये मंजूर झाली, आणि पहिल्या टप्प्यातल्या दहा तालुक्यांत जामखेडचे नाव आहे. जे कुटुंब मुलांना नेतेच, त्यांनी निघण्यापूर्वी मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी पत्रक मागून घ्यावे. ते दाखवून दुसऱ्या गावच्या शाळेत मुलाला बसता येते. दाखला आणला नाही म्हणून कोणतीही सरकारी शाळा मुलाला परत पाठवू शकत नाही, कायद्यातच तसे लिहिले आहे. आपल्या भगिनींनी हे तोंडपाठ करून ठेवावे.

याच जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे आले. त्यांनी खेड्यातल्या अडाणी बायांना, त्यांत दलित बायाही होत्या, आरोग्याचे काम शिकवले. ते पाहायला जगभरातून डॉक्टर आले. रोग्याजवळ राहणारी बाईच रोग आधी ओळखते, एवढी साधी गोष्ट त्यामागे होती. वस्तीतली कोणती पोर यंदा गाडीत चढणार, हे शेजारणीला श्रावणातच ठाऊक असते. पंचायत समितीला ते कळते सर्वेक्षणात, आणि तोवर गाडी निघालेली असते.

त्या वस्तीत आम्ही विहारात बैठक घेतली. हंगामी वसतिगृहाची मागणी करणारा अर्ज लिहिला. एका कार्यालयातून तो दोनदा परत आला, एकदा सहीसाठी आणि एकदा शिक्क्यासाठी. मग वस्तीनेच ठरवले. विहारात चूल मांडली. दोन विधवा भगिनींनी स्वयंपाकाचे अंगावर घेतले आणि धान्य घरोघर जमा झाले. जयंतीच्या वर्गणीतून काही रक्कम इकडे वळवावी यावरून तरुण मंडळी रागावली. डीजे कमी पडेल म्हणे! वादावादी झाली, पण अखेर पैसे मिळाले. सात मुले मागे राहिली आणि एप्रिलपर्यंत रोज शाळेत गेली.

ती तिसरीतली पोर त्या सातांत नव्हती. भाकरीची सोय झाली होती, पण बारक्याची नव्हती. मे महिन्यात ती परत आली तेव्हा आम्ही तिला पुस्तक वाचायला दिले. साधे शब्द वाचले आणि जोडाक्षराशी अडली. हाताला वाढ्यांनी कापल्याचे वण होते. "वाढं बांधायला लई पटापटा येतं मला," असे मात्र हसून सांगितले.

बारका आता अंगणवाडीत बसण्याएवढा झाला आहे. यंदा दोघांनाही ठेवाल का, असे विचारल्यावर आई म्हणाली, "बघू." अर्ज आम्ही या वेळी ऑगस्टमध्येच दिला आहे. सही आहे, शिक्का आहे, आणि तारखेसह पोच आमच्या खिशात आहे.