रक्तातील विळे

वर्धा जिल्ह्यातील गिरड येथे शेख फरीद यांच्या दर्ग्याची टेकडी आहे. या टेकडीवर गोलाकार खडे विपुल सापडतात. व्यापाऱ्यांनी साधूची थट्टा केली म्हणून त्यांच्या मालाचे दगड झाले, अशी दंतकथा आहे. शास्त्रज्ञांनी मात्र ते खडे झिओलाइट नावाच्या खनिजाचे असल्याचे सांगितले. केवळ रूपावरून वस्तूचे मर्म कळत नाही. तिची परीक्षा करावी लागते. रोगाचेही तसेच आहे.

विदर्भातील एखाद्या मुलाचे हातपाय वारंवार ठणकतात, डोळे पिवळसर दिसतात आणि थोड्याशा श्रमानेही त्यास थकवा येतो. कोणी म्हणतो, हा वात. कोणी म्हणतो, ही कावीळ. तर कोणी बाहेरची बाधा समजून अंगारा लावतो. वेदना हाडांत आणि पिवळेपणा डोळ्यांत. मग रोग कोठे असावा? शरीरातील सर्व संस्थांना जोडणारी संस्था म्हणजे रुधिराभिसरण संस्था. म्हणून चतुर वैद्य रक्त तपासतो.

निरोगी तांबडी पेशी वाटोळी व लवचीक असते. ती अतिसूक्ष्म केशवाहिन्यांतूनही सहज जाते आणि सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेल या आजारात पेशीतील हिमोग्लोबिन सदोष असते. प्राणवायू कमी पडताच पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठर होते. अशा पेशी वाहिन्यांत अडकल्या की तीव्र वेदना होतात. त्या लवकर नष्ट होतात, म्हणून रक्त कमी पडते व डोळे पिवळे होतात.

अशा पेशींचे वर्णन डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली शिकागो येथे प्रसिद्ध केले. हा दोष हिमोग्लोबिनमध्ये आहे, हे लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखविले. भारतात हा आजार प्रथम १९५२ साली निलगिरी भागात आढळला. पुढे विदर्भातही त्याचे अस्तित्व दिसून आले.

निदानासाठी रक्ताचा थेंब एका द्रावणात घालतात. द्रावण गढूळ झाले, तर दोषाची शंका येते. मग विद्युत्प्रवाहाच्या साहाय्याने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करतात. त्यावरून मूल रुग्ण आहे की केवळ वाहक, हे कळते. वाहकास सहसा त्रास होत नाही; परंतु आई व वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्य रुग्ण होण्याचा संभव चारांत एक असतो.

ग्रामीण जनतेस वैद्यकीय साहाय्य मिळावे या हेतूने डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली याच जिल्ह्यात, सेवाग्राम येथे, वैद्यकीय महाविद्यालय स्थापन केले. सिकलसेलच्या निर्मूलनासाठी २०२३ साली राष्ट्रीय मोहीमही सुरू झाली.

हा आजार स्पर्शाने पसरत नाही. तो कोणाच्या पापाचे फळही नव्हे. रुग्णाने भरपूर पाणी प्यावे, थंडीपासून जपावे आणि ताप येताच दवाखाना गाठावा. वर्गातील एखादा सोबती खेळताना मध्येच खाली बसला, तर त्यास आळशी म्हणून हिणवू नये. कदाचित त्याच्या वेदनेचे कारण डोळ्यांना न दिसणाऱ्या एका पेशीत दडलेले असेल.