कारवीच्या कुडाचे घर

जव्हार-मोखाड्यात, वावरच्या परिसरात, वारली आणि कोकणा कुटुंबे पूर्वापार हाताने घर उभारत आली आहेत. छपराचा भार पेलतात जमिनीत रोवलेल्या लाकडी मेढी. कुड, म्हणजे भिंत, फक्त आडोसा देतो. कारवीच्या काठ्या बांबूच्या कामट्यांनी आवळून बांधतात आणि माती, शेण व भाताचा तूस कालवून दोन्ही अंगांनी लिंपतात. तुसामुळे माती वाळताना कमी तडकते. छपराला पेंढा किंवा गवत. उतार चांगला असला की पाणी मुरण्याआधी ओघळते. पेंढा भिंतीलाही चालतो: अमेरिकेत नेब्रास्कामध्ये 19व्या शतकाच्या अखेरीस पेंढ्याच्या गठ्ठ्यांच्याच भिंती रचल्या गेल्या. दोन्हीकडे खरा शत्रू ओल. म्हणून जोते उंच, वळचण रुंद आणि लिंपण वेळोवेळी हवेच. ही कारागिरी जाणत्या हातांकडून आजच शिकून घ्यायला हवी.