गंजलेली बंदूक, धनुर्वात आणि हिरडा

‘थ्री नॉट थ्री’ हे नाव मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. पोलीस ठाण्याच्या दारावरचा पहारेकरी, एनसीसीची कवायत, बँकेच्या रोकड गाडीजवळचा शिपाई, कुठे ना कुठे ती लांबलचक, लाकडी दस्त्याची बंदूक बहुतेकांनी पाहिलेली असते. तिचे खरे नाव ली-एनफिल्ड. नळीचा व्यास ०.३०३ इंच, म्हणून हे टोपणनाव. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश आणि हिंदी पलटणींच्या हाती हीच होती. कोलकात्याजवळच्या ईशापूरच्या कारखान्यात ती बनली आणि तिची काडतुसे पुण्याच्या खडकीत तयार झाली. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर २०२० च्या प्रजासत्ताक दिनापर्यंत तिला सेवेत ठेवले. आज अशा जुन्या बंदुका संग्रहालयांत, पलटणींच्या स्मारकांत आणि परदेशातील छंदिष्टांच्या माळ्यांवर गंजत पडलेल्या असतात. त्यांचा गंज काढणे हे कारागिराचे काम खरे. पण त्यात वैद्यकाचा संबंध वाटतो त्यापेक्षा बराच जास्त आहे.

आधी कायद्याचे. भारतात ०.३०३ ही सर्वसामान्य नागरिकाला प्रतिबंधित असलेली बोअर आहे. जुन्या वाड्यात, विहिरीत किंवा अडगळीत अशी बंदूक वा काडतुसे सापडली तर ती साफ करायला न घेता पोलिसांना कळवावे. गंजलेले काडतूस तर हातातही घेऊ नये. जिथे हे काम रीतसर होते, तिथेही पहिली पायरी एकच असते: नळी आणि काडतुसांची पेटी रिकामी आहे याची डोळ्यांनी खात्री करणे. गंजाने जाम झालेल्या बंदुकीत जुने काडतूस अडकलेले असू शकते.

ही बंदूक आतून इतकी का गंजते, याचे कारण मोठे मजेशीर आहे. जुन्या काडतुसाच्या बुडाशी जी टोपी असते, तिच्या मिश्रणात पोटॅशियम क्लोरेट असे. गोळी सुटली की त्याचे पोटॅशियम क्लोराइड बनते आणि ते नळीच्या चऱ्यांमध्ये बसते. हा तोच क्षार, जो जुलाबाच्या रुग्णाला ओआरएसच्या पाकिटातून दिला जातो, लिटरला दीड ग्रॅम. पोटात गेला की जीव वाचवतो, पोलादावर बसला की हवेतील दमट ओढून घेऊन त्याला खातो. तेलात हा क्षार विरघळत नाही, त्यामुळे नुसते तेल फिरवून उपयोग नसतो. म्हणून त्या काळचे सैनिक गोळीबारानंतर नळीतून उकळते पाणी ओतत, नळी कोरडी करत आणि मगच तेल लावत. ज्याने एका संध्याकाळी हा कंटाळा केला, त्याच्या बंदुकीची नळी आज खड्ड्यांनी भरलेली दिसते.

आता सर्वांच्या मनातला प्रश्न. गंजलेले लोखंड लागले की धनुर्वात होतो का? गंजामुळे होत नाही. धनुर्वाताचा जंतू क्लॉस्ट्रिडियम टेटानी हा मातीत आणि जनावरांच्या शेणात राहतो. त्याचे बीजाणू वर्षानुवर्षे टिकतात. गंजलेला पृष्ठभाग खडबडीत असल्याने त्यात माती अडकते, आणि गंजकी वस्तू बहुधा माती-शेणाच्या जवळच पडलेली असते, एवढाच गंजाचा दोष. खरा धोका जखमेच्या खोलीचा. या जंतूला प्राणवायू नको असतो. खोल, अरुंद, वरून लगेच मिटणारी जखम त्याला मानवते. चकचकीत नवा खिळा किंवा बाभळीचा काटाही पुरेसा होतो. त्याचे विष मज्जातंतूंवर चढते, जबडा आवळतो, दातखीळ बसते, शरीर धनुष्यासारखे वाकते. भारतातून माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे उच्चाटन २०१५ मध्ये झाल्याचे जाहीर झाले, ते लसीकरण आणि स्वच्छ बाळंतपणांमुळे. मोठ्या माणसांचा धनुर्वात मात्र संपलेला नाही, आणि त्यांनाच आपली शेवटची लस कधी झाली ते आठवत नाही.

जखम झाल्यास ती साबण आणि वाहत्या पाण्याने भरपूर धुवावी. हळद, चुना, राख, ग्रीस यांतले काहीही भरू नये. लसीचे पूर्वीचे डोस पूर्ण असतील तर दर दहा वर्षांनी एक वर्धक मात्रा लागते. जखम मळकट असेल आणि शेवटच्या मात्रेला पाच वर्षे उलटली असतील तर तेव्हाच घ्यावी. लसीचा इतिहासच माहीत नसेल तर मळकट जखमेसाठी लसीबरोबर तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही द्यावे लागते. उलट, प्रत्येक ओरखड्याला महिन्याभरात दुसऱ्यांदा ‘टीटी’ टोचून घेणाऱ्यांना त्याची काहीच गरज नसते.

गंज कोरडा खरवडला की धूळ उडते. त्यातील लोहाचा अंश फुप्फुसाला फारसा घातक नाही, पण जुन्या नळीत शिसे आणि टोप्यांतील पारा यांचे अवशेषही असू शकतात. म्हणून कसबी माणसे तेलाचा हात देऊन अगदी बारीक लोखंडी लोकरीने हळूहळू घासतात. धूळ उडत नाही आणि धातूही झिजत नाही. हातमोजे, चष्मा आणि चांगला मास्क हवाच. काम संपल्यावर हात धुतल्याशिवाय तंबाखूची पुडी उघडू नये, हे मुद्दाम सांगावे लागते.

सगळ्यात वाईट अपघात होतात ते घाईने. गंज झटपट जावा म्हणून लोक संडास धुण्याचे ॲसिड वापरतात. त्याची वाफ डोळे आणि श्वासनलिका जाळते, शिवाय खोलीतील इतर अवजारांनाही गंज चढवते. त्यात ब्लीचिंग पावडर मिसळली तर क्लोरिन वायू सुटतो. त्याहून कपटी म्हणजे काही गंजनाशकांत असणारे हायड्रोफ्लोरिक आम्ल. ते सौम्य असेल तर सुरुवातीला त्वचा फारशी दुखत नाही. तासाभराने, कधी बऱ्याच उशिरा, हाडापर्यंत जाणारी कळ सुरू होते. ते रक्तातील कॅल्शियम बांधून टाकते आणि मोठ्या भागावर सांडले तर हृदयाचे ठोके बिघडवते. अशा वेळी भरपूर पाण्याने धुऊन, बाटली बरोबर घेऊनच रुग्णालय गाठावे. त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम किंवा इंजेक्शन लागते. आणि कोणतेही आम्ल शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवू नये. ते तहानलेल्या मुलाच्या पोटात जाते.

सौम्य उपाय आहेत. काही द्रावणे लोहाच्या अणूला खेकड्याच्या नांगीसारखे पकडून गंजातून बाहेर काढतात. या क्रियेला चेलेशन म्हणतात, आणि तेच तत्त्व थॅलेसेमियाच्या मुलांना जगवते. त्यांना वरचेवर रक्त द्यावे लागते. प्रत्येक पिशवीबरोबर सुमारे २०० मिलिग्रॅम लोह शरीरात येते आणि ते बाहेर टाकण्याची सोय शरीराकडे नाही. ते यकृतात आणि हृदयात साठत जाते. डेस्फेरिऑक्सामीन हे औषध ते लोह नांगीत धरून लघवीवाटे बाहेर नेते. ते पंपाने रात्रभर त्वचेखाली सोडावे लागते. आता तोंडाने घेण्याची औषधेही आहेत, आणि ती नियमित घेतली जाणे हाच त्या मुलांच्या आयुष्याचा प्रश्न असतो.

दुसरा उपाय टॅनिनचा. हिरड्यात ते भरपूर असते, चहातही असते. टॅनिन आणि लोह एकत्र आले की काळा संयुग बनतो. काही जुन्या पोथ्यांची शाई याच मेळातून आली. गंजावर तो थर बसला की पुढचा गंज बराच रोखला जातो. जेवणावर लगेच चहा घेऊ नये असे रक्तक्षय झालेल्या बाईला सांगतात, त्यामागेही हाच मेळ आहे: अन्नातील लोह चहाच्या टॅनिनला चिकटते आणि आतड्यात शोषले जात नाही.

पोलादी भाग मीठ नसलेल्या, म्हणजे डिस्टिल्ड पाण्यात उकळले की तांबडा गंज काळ्या, घट्ट ऑक्साइडमध्ये बदलतो. वरची पूड बारीक ब्रशने काढली की खाली कोरलेले सन आणि कारखान्याचा शिक्का पुन्हा वाचता येतो. मग राहतो तो दस्ता. त्याच्या लाकडाला जवसाचे तेल चोळतात. तेल पुसलेली चिंधी मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकायची नाही. जवसाचे तेल वाळताना उष्णता देते आणि गुंडाळलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. ती उघड्यावर पसरून वाळवावी, किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावी.