चौथा अक्ष आणि तुळईचे चार खांब

बँकेत असताना लघुउद्योगांची अनेक कर्जप्रकरणे माझ्या हातून गेली. यंत्राची किंमत, आयुष्य, घसारा, हप्ता हे सारे मी काटेकोरपणे तपासत असे. त्या यंत्राचे कटर मालावरून नेमके कोणत्या वाटेने फिरते, हा प्रश्न मात्र कधी मनात आला नाही. तो आला निवृत्तीनंतर, आणि तोही घरच्याच कामातून.

गावाकडचे जुने घर उतरवताना एक सागवानी तुळई शाबूत निघाली. नव्या घराच्या पडवीच्या कठड्यासाठी तिचे कोरीव खांब करावेत असे ठरले. तुळईतून नेमके चार तुकडे निघत होते, पाचवा नाही. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत पुतण्याचे वर्कशॉप आहे. तेथे त्याने चार अक्षांचे मिलिंग यंत्र बसवले आहे. नेहमीच्या यंत्रात कटर लांबी, रुंदी आणि उंची या तीन दिशांना सरकते. चौथा अक्ष म्हणजे चक आणि टेलस्टॉक यांमध्ये धरलेले लाकूडच स्वतःभोवती फिरते. ते ठरावीक अंशांत फिरवून, थांबवून एकेक बाजू कापता येते, किंवा कटर चालू असताना अखंड फिरवत ठेवता येते. खांबासारख्या गोल वस्तूला दुसरी पद्धत सोयीची.

पुतण्याने आधी आंब्याच्या लाकडावर चाचणी घेतली, हे फार बरे झाले. तुकडा ९० मि.मी. चौरस होता आणि खांब ८० मि.मी. व्यासाचा. संगणकाला त्याने कच्चा माल ९० मि.मी.चा गोल म्हणून सांगितला. चौरसाचा कर्ण १२७ मि.मी. भरतो, हे शाळेतले गणित तेवढे राहून गेले. पहिल्याच फेरीत कटर कोपऱ्यावर आदळले आणि मोडले. तेथील वयस्क सुतारमिस्त्री शांतपणे म्हणाले, “आधी कोपरे मारून आठपैलू करा.” आठपैलू केल्यावर कोपऱ्यांमधले अंतर जेमतेम ९७ मि.मी. उरते. पुढे ओबडधोबड कापणीसाठी १२ मि.मी.चे सपाट टोकाचे कटर लावले. फुगीर पृष्ठभागावर ते भराभर माल काढते.

खरा विचार शेवटच्या, सफाईच्या कापणीचा. तिला ६ मि.मी.चे गोल टोकाचे, म्हणजे बॉल नोज कटर घेतले. दोन लगतच्या फेऱ्यांमध्ये शेतातल्या सरीप्रमाणे बारीक वरंबा राहतो. फेऱ्यांतील अंतर ०.६ मि.मी. ठेवले तर वरंबा साधारण ०.०१५ मि.मी. उंच, १.२ ठेवले तर ०.०६. अंतर दुप्पट, खडबडीतपणा चौपट. चक्रवाढ व्याज पाहण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागला नाही. ६०० मि.मी. लांबीच्या खांबाला ०.६ अंतराने कटरचा प्रवास सुमारे २५० मीटर होतो. मिनिटाला दोन मीटर धरले तर दोन तासांहून थोडा अधिक. पुतण्याला एका तासात उरकायचे होते. वाचलेला तास पन्हळींत पॉलिश कागद घासण्यात जाईल, असे मी त्याला म्हटले. माझे ऐकले की मिस्त्रींचे, हे ठाऊक नाही.

मळसूत्री फिरवा किंवा उभ्या ओळींत चालवा, हे अंतर जवळपास तेवढेच भरते. मग निवड कशावर करायची? आकारावर. खांबाच्या पायथ्याशी व माथ्याशी कडी होती. तेथे मळसूत्री वाट उत्तम, कारण एका फेऱ्यात कटरला फारसे वरखाली व्हावे लागत नाही; उभ्या ओळीत मात्र प्रत्येक कड्यावर चढउतार करावा लागतो आणि यंत्र मंदावते. मधल्या भागात उभ्या पन्हळी होत्या. तेथे लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच उभी वाट घेतली. राहिलेले व्रण रेषेत मिसळतात आणि घासायलाही सोपे जातात.

मळसूत्री वाटेत एक खोच होती. माथ्याखालची मान ४० मि.मी. व्यासाची. अंशांच्या हिशेबाने वेग तोच ठेवला तर तेथे कटरखालून लाकूड निम्म्याच वेगाने सरकते. कटरची गिरकी मात्र तीच, त्यामुळे ते कापण्याऐवजी घासते आणि लाकूड करपते. आंब्याच्या तुकड्यावर तपकिरी पट्टा उमटला तो असा. मानेपाशी फिरण्याचा वेग दुप्पट केल्यावर तो बराच फिका झाला. उरलेला दोष कटरच्या टोकाचा. भोवरा कितीही जोरात फिरला तरी त्याची आर जागच्या जागीच असते. तसेच बॉल नोजचे अगदी मधले टोक कापत नाही, नुसते रगडते. यासाठी कटर अक्षाच्या बरोबर माथ्यावर न ठेवता बाजूला न्यायचे. एकदोन मि.मी. सरकवून भागत नाही, ८० मि.मी. व्यासावर वीस अंश तिरका स्पर्श हवा तर सुमारे १५ मि.मी. सरकावे लागते, आणि त्यानुसार उंचीही बदलते. हा हिशेब संगणकावरच सोडावा.

मग सागवान चढवले. जुन्या लाकडात खिळे दडलेले असतात. कार्बाईडच्या कटरची धार एका खिळ्यावर उडते, म्हणून प्रत्येक तुकड्यावरून आधी धातुशोधक फिरवला. तीन खिळे निघाले. शेवटच्या वेलबुट्टीला निमुळते बॉल नोज वापरले. टोक बारीक असूनही बुंधा जाड असल्याने ते वाकत नाही.

चारही खांब आता पडवीत उभे आहेत. चौथ्याच्या एका पन्हळीत खिळ्याच्या गंजाचा काळा डाग राहिला. पुतण्या म्हणाला, “काका, भरून देतो.” मी नको म्हटले.